अजूनताई

विद्यापीठात तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. शिपायापासून कुलसचिवांपर्यंत सगळे तिला अजूनताई म्हणायचे आणि ती ओ द्यायची. नाव कसं पडलं ते सांगायला फार लांब जायला नको. वैद्यकीय इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याखालून वळलं की श्वास तपासायची खोली होती. तिथे नाकाला चिमटा लावायचा, पुठ्ठ्याची नळी ओठांत घट्ट धरायची, छाती भरून श्वास घ्यायचा आणि असेल नसेल ते बळ लावून मशीनमध्ये फुंकायचा. माणसं अर्ध्यावरच सोडून देतात. संपला म्हणतात. संपलेला नसतो. मग ही बाई समोर वाकून, मुठी आवळून, स्वतःच लालबुंद होत ओरडायची, "फुंका, फुंका, सोडायचं नाही, अजून, अजून, अजून..." आणि तळाला राहिलेला उरलासुरला श्वासही निमूटपणे बाहेर यायचा.

लेखा विभागातल्या एका म्हाताऱ्या कारकुनाची तर एकदा कवळीच नळीतून बाहेर आली होती. "ताई, श्वास मागा, दात कशाला मागता?" असं तो म्हणाला म्हणे. ही गोष्ट विद्यापीठात इतक्या जणांनी इतक्या वेळा सांगितली की शेवटी कारकून स्वतःच ती रंगवून सांगायला लागला.

पण थट्टा वेगळी आणि काम वेगळं. कामात ती कुणाच्या बापाचं ऐकायची नाही. एकदा फुंकून तिच्याकडे भागत नसे. तीनदा फुंकायचं आणि तिन्ही वेळा आकडा जवळपास सारखा आला पाहिजे, तरच तो खरा धरायचा. "एकदा काय, कुणीही थाप मारेल," ती नव्या विद्यार्थ्यांना सांगायची. "तीनदा तीच थाप मारून दाखवा." मध्येच खोकला आला तर ती फुंक बाद. पुन्हा फुंकायचं. कितीही वेळा फुंकून तीन चांगल्या मिळाल्याच नाहीत, तर त्या माणसाच्या नावापुढे मशीनमध्ये शेरा टाकायचा, ‘प्रयत्न अपुरा’. हा शेरा तिने शोधून काढला नव्हता. मशीनबरोबरच तो आला होता.

त्या खोलीत मात्र हा शेरा पडला की आणखी एक गोष्ट घडायची. छातीच्या विभागाचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणायचे, त्यांची तशी सक्त ताकीद होती. खोकणारा माणूस घरी सोडायचा नाही. त्याला बाकावर बसवायचं, पाणी द्यायचं आणि सरांना बोलवायचं. सर स्वतः येऊन त्याची पाठ ठोकून बघत, छातीचा फोटो काढायला पाठवत. "ज्याला फुंकता येतं त्याचं काय घेऊन बसलात," ते म्हणायचे. "ज्याला येत नाही, तो आपला पेशंट." अजूनताईला सरांबद्दल जो आदर होता, तो या एका वाक्यामुळे होता.

घरच्या माणसांत तिला हाक मारणारा दादा होता. त्याच्यासाठी ती अजूनही ‘बारकी’ होती. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा दोघांपैकी एकाचीच शाळा चालू राहणार होती. दादा दगडाच्या कारखान्यात गेला आणि बारकी शाळेत राहिली. यावर घरात कधी चर्चा झाली नाही, की कुणी कुणाला उपकार ऐकवले नाहीत. स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसवतात ते गुळगुळीत, चकचकीत, कारखान्यात घडवलेले दगड असतात ना, ते दादा कापायचा. करवत कोरडी चालायची. पिठासारखी पांढरी धूळ उडायची. घरी आल्यावर तो नळाखाली डोकं धरून बसायचा, तरी कानाच्या पाळीमागे थोडी राहायचीच. लहानपणी बारकी ती बोटाने पुसून काढायची आणि त्याच्याच नाकाला लावायची.

आता मूळ गोष्टीवर येतो. विभागातलं मशीन म्हातारं झालं होतं. त्याच्या वायरला चिकटपट्टी, बटणाला आगपेटीची काडी, आणि उन्हाळ्यात ते तापलं की वर्तमानपत्राने वारा घालायचा. विद्यापीठाने हात वर केले होते. सर कचेऱ्यांचे उंबरे झिजवून दमले. आणि मग एक दिवस कंपनी आली. दगडवाली. दादाचीच.

कंपनीने नवी प्रयोगशाळा देऊ केली. काचेचं दार, थंडगार हवा, नवं मशीन, वर संशोधनाचा सगळा खर्च. दारावर तेवढं कंपनीचं नाव लिहायचं. विद्यापीठाच्या बैठकीत सगळ्यांचे चेहरे खुलले होते, तेव्हा इतिहासाच्या बाई उभ्या राहिल्या. बारीक चणीची बाई, निवृत्तीला आलेली, बोलताना चष्मा हातात घ्यायची. त्यांनी एवढंच विचारलं, "उद्या यांच्याच कामगारांची छाती तपासायची वेळ आली, तर आपण काय करू?"

"बाई," कुलसचिव म्हणाले, "तुमच्या इतिहासाला कुणी काही देत नाही म्हणून आमच्या पोटावर पाय का?"

सभागृह हसलं. अजूनताईही हसली. बऱ्यापैकी मोठ्याने हसली. हसायला लागतं काय? डोळ्यांसमोर नवं मशीन दिसत होतं. बाई चष्मा घालून खाली बसल्या. त्यानंतर जिन्यात बाई समोरून आल्या की अजूनताईला एकदम काहीतरी विसरल्याचं आठवायचं आणि ती माघारी वळायची.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगायला हवी, नाहीतर तुम्ही भलतंच समजाल. प्रयोगशाळा उभी राहिली, पण कंपनीने एकही अट घातली नाही. असं लिहा, तसं लिहू नका, असा निरोप नाही, फोन नाही. सर हे अभिमानाने सगळ्यांना सांगायचे, आणि ते खरंही होतं.

मग बाईंनी म्हटलेली वेळ आली, आणि ती कामगारांनीच आणली. कापणी विभागातली माणसं खोकून खोकून हैराण झाली होती. करवतीवर पाणी सोडा म्हणजे धूळ बसेल, आणि खोकणाऱ्यांना माल बांधायच्या कामावर हलवा, एवढंच त्यांचं मागणं होतं. कंपनी म्हणाली, ठीक आहे, विद्यापीठाला तपासू दे. धुळीने त्रास होतोय असं ते म्हणाले तर सगळं करू, नाही म्हणाले तर विषय संपला. कामगार बिचकले. काचेच्या दारावर कुणाचं नाव आहे हे त्यांना काय माहीत नव्हतं? तेव्हा दादाच पुढे झाला. म्हणाला, "तिथे माझी बहीण बसते. ती कुणाला शेंडी लावणारी नाही. लहानपणापासून बघतोय मी तिला." त्याच्या शब्दावर सगळे तयार झाले.

तपासणीच्या दिवशी माणसं धुतलेले शर्ट घालून आली, एकमेकांना कोपरखळ्या मारत रांगेत बसली. माल बांधणारी तरणी पोरं फटाफट फुंकून मोकळी झाली. कापणीवाल्यांची पाळी आली आणि खोलीचा आवाजच बदलला. छाती भरून श्वास घेतला की खोकला. नळीला तोंड लावलं की खोकला. पडद्यावरची रेघ वर चढायची आणि मध्येच विस्कटून खाली पडायची. बाद. पुन्हा. बाद. अजूनताई नेहमीसारखी वाकली, मुठी आवळल्या, घसा ताणला. काहींनी तीन चांगल्या फुंका दिल्या. ज्यांना जमल्या नाहीत, त्यांच्यापुढे शेरा पडत गेला. बाक रिकामाच राहिला. नव्या प्रयोगशाळेत बाक भिंतीला कुठे शोभत नाही म्हणून बाहेर व्हरांड्यात ठेवला होता, आणि सरांना बोलवायचं ते तिने बोलवलं नाही. त्या दिवशी सर कंपनीच्या पाहुण्यांबरोबर वरच्या मजल्यावर होते.

दादा शेवटी आला. "नमस्कार मॅडम," तो मोठ्याने म्हणाला, आणि मागचे हसले. तिने त्याच्या नाकाला चिमटा लावला. कानाच्या पाळीमागे पांढरं होतं. पहिल्या फुंकेत तो खोकला. दुसऱ्या फुंकेत खोकला. मग खोकल्याच्या धास्तीने त्याने श्वासच अर्धा घेतला, तीही बाद. ती म्हणत राहिली, अजून, अजून, आणि तो तिच्याकडे बघत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत फुंकत राहिला. शेवटी तिने चिमटा काढला आणि शेरा टाकला. हात अडला का? नाही अडला. खोटं कशाला सांगू. हाताला सवय होती. अडला तो घरी गेल्यावर, आमटीत मीठ टाकताना, आणि तेव्हा त्याचा काही उपयोग नव्हता.

असं नका समजू की ती मूग गिळून बसली. तिने विचारलं. सगळे आकडे तयार झाल्यावर ती सरांच्या खोलीत गेली.

"सर, खोकणाऱ्यांचं काय करायचं? सगळे कापणीवालेच आहेत. तेच जर गाळले, तर उरलेले ठणठणीतच दिसणार."

सर बराच वेळ पेनाचं टोपण काढत आणि लावत राहिले. त्यांना कळत नव्हतं असं नाही. तिच्या आधी कळलं असणार.

"नियम काय आहे?" ते म्हणाले.

"बाद धरायचे."

"हा नियम आपण केलेला नाही. जगभर हाच आहे. आज आपण तो मोडला, तर आपल्या अहवालाला कुणी विचारणार नाही." मग जरा खालच्या आवाजात, "पुढच्या टप्प्यात त्यांचं वेगळं बघू. पुढचा टप्पा मिळाला पाहिजे ना आधी."

पुढचा टप्पा कोण देणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. ती "बरं सर" म्हणून बाहेर आली. आणि लाजेची गोष्ट कुठली असेल तर ती ही, की बाहेर आल्यावर तिला हलकं वाटलं. आपण विचारलं होतं. आता ते सरांच्या गळ्यात होतं. तिने चहा मागवला आणि तो तिला गोड लागला.

अहवाल मोठ्या सभागृहात वाचला गेला. पुढे कंपनीची माणसं, मध्ये प्राध्यापक, मागे कामगार. सर म्हणाले, ज्यांची तपासणी पूर्ण झाली, त्या कामगारांच्या फुप्फुसांवर धुळीचा फारसा परिणाम आढळला नाही. काही कामगार पुरेसा प्रयत्न करू शकले नाहीत, म्हणून त्यांना मोजणीत धरलेलं नाही, त्यांचं पुढच्या टप्प्यात बघू. वाक्य संपलं, पान उलटलं. कंपनीचे साहेब उठले, विद्यापीठाच्या निःपक्षपाती कामाचं त्यांनी तोंड भरून कौतुक केलं. आणि मग कुणाच्या डोक्यात आलं कोण जाणे, कुलसचिवांनी अजूनताईला व्यासपीठावर बोलावलं. "जिच्या एका शब्दाशिवाय हा अहवाल झालाच नसता," असं म्हणून त्यांनी तिच्या हातात काचेचं एक स्मृतिचिन्ह ठेवलं. टाळ्या पडल्या.

तिला वरून सगळं दिसत होतं. शेवटच्या रांगेत दादा जोरजोरात टाळ्या वाजवत होता. वाजवता वाजवता त्याला खोकला आला. त्याने रुमाल तोंडावर दाबला आणि कार्यक्रमात व्यत्यय नको म्हणून वाकून, लोकांच्या गुडघ्यांना चुकवत बाहेर गेला. कडेच्या खुर्चीत इतिहासाच्या बाई बसल्या होत्या. त्यांनी मान वळवून दादा गेला त्या दाराकडे पाहिलं. अजूनताईकडे त्यांनी पाहिलंच नाही. तिला वाटलं, पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

करवतीवर पाणी आलं नाही. खोकणाऱ्यांना कुणी कुठे हलवलं नाही. विद्यापीठ नाही म्हणालं, विषय संपला. दादा होता तिथेच राहिला.

ती दादाकडे जाईनाशी झाली. कधी काम, कधी पाहुणे, कधी डोकं दुखतंय. शेवटी वहिनीचाच फोन आला. "वन्सं, जरा येऊन जाता का? तुमच्या दादाला खूळ लागलंय. तुम्ही सांगितलंत तरच ऐकतील."

सुट्टीच्या दिवशी दुपारी ती गेली. दार उघडंच होतं. दादा खिडकीपाशी स्टुलावर बसला होता आणि त्याच्या पायाशी जमिनीवर फुगे पडले होते. लाल, पिवळे, काही अर्धेच फुगलेले, काही सुरकुतलेले. घरात लहान मूल नव्हतं.

"बघा," वहिनी म्हणाली. "कामावरून आले की हेच. या वयात फुगे. शेजारीपाजारी हसतात, मी काय तोंड दाखवू?"

दादा ओशाळून हसला. "ये बारके. तू हिच्याकडे लक्ष देऊ नको." त्याने हातातला फुगा मागे लपवायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. "सराव करतोय. तुमचा पुढचा टप्पा आहे ना, सर बोलले होते तेव्हा. या वेळी नीट फुंकणार. त्या दिवशी तुझी मान खाली गेली माझ्यामुळे. एवढ्या लोकांत बोलले, प्रयत्न कमी पडला म्हणून. बाकीच्यांचं सोड, पण तुझ्या सख्ख्या भावाने तरी नीट फुंकायला नको?"

तिला बसायला खुर्ची दिली होती, ती बसली नाही.

"थांब, दाखवतो," तो म्हणाला. "आता पुष्कळ जमतं. तू तिथे म्हणतेस तसं म्हण फक्त. त्याने जोर येतो."

त्याने श्वास घेतला. छातीत शिट्टी वाजली, ती दारापर्यंत ऐकू आली. फुगा लिंबाएवढा झाला आणि दादा तिच्याकडे बघू लागला, म्हण ना, म्हण, अशा नजरेने. तिचं तोंड उघडलं. आयुष्यभर त्या तोंडातून एकच शब्द सुटत आला होता. तो आला नाही. दादाला खोकला सुटला, फुगा फुरफुरत खाटेखाली गेला, आणि तिने पुढे होऊन त्याचे दोन्ही खांदे धरले.

"पुरे," ती म्हणाली. "दादा, पुरे."

त्याचं पाणी पिऊन होईपर्यंत ती तशीच उभी होती. मग म्हणाली, "तू नीटच फुंकलं होतंस."

"काहीतरीच. लहानपणापासून तू माझीच बाजू घेतेस."

"तुला फुंकता आलं नाही, तोच तर आजार होता. मला पडद्यावर दिसत होतं. मी तो मोजला नाही."

दादाने पेला खाली ठेवला. तो शिकलेला नव्हता, पण गोड बोलून समजूत काढायला तो काही बाळही नव्हता. त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. मग अगदी हळू, थट्टेचा लवलेशही नसलेल्या आवाजात म्हणाला, "अजून."

"तू एकटा नाहीस. जे जे खोकले, ते सगळे गाळले. मुकादम, तो उंच करवतवाला, सगळे. जे आजारी होते तेच गाळले, आणि उरलेले धडधाकट आहेत असं लिहिलं."

"अजून."

"पूर्वी आम्ही खोकणाऱ्याला बाकावर बसवायचो. सर येऊन बघायचे. या वेळी मी कुणाला बसवलं नाही. तुलासुद्धा नाही. मी सरांना विचारलं, ते पुढच्या टप्प्यात बघू म्हणाले, आणि मला बरं वाटलं. दादा, मला खरंच बरं वाटलं." तिच्या तोंडून शब्द आता धापा टाकत येत होते. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात हात पुसायचा थांबली होती.

"कंपनीने सांगितलं होतं तसं करायला?" दादाने विचारलं.

सांगितलं असतं तर किती सोपं झालं असतं. तिने एखादं नाव शोधलं, एखादा फोन, एखादा साहेब. सापडला नाही.

"नाही," ती म्हणाली. "कुणीच सांगितलं नव्हतं."

दादाने खिडकीबाहेर पाहिलं. ज्यांना त्याने शब्द दिला होता, ती माणसं उद्या सकाळी त्याच्या शेजारच्या करवतींवर उभी राहणार होती. तो रागावला असता, ओरडला असता, तर तिने मान खाली घालून ऐकून घेतलं असतं आणि रडून मोकळी झाली असती. तो रागावला नाही. त्याने वाकून एकेक फुगा उचलला, हवा सोडली आणि डब्यात ठेवला.

"तुमच्यात एकदा फुंकून चालत नाही ना?" तो म्हणाला. "तीनदा लागतं. तिन्ही वेळा सारखं आलं तरच खरं धरता."

"हो."

"एकदा मला सांगितलंस. आता तुझ्या सरांना सांग. मग त्या सभागृहात उभी राहून सगळ्यांना सांग, जिथे टाळ्या घेतल्यास तिथे. आत्ता बोललीस तेच, तसंच. सांगशील?"

काचेचं दार तिच्या डोळ्यांसमोर आलं, थंडगार खोली आली, सरांचं पेनाचं टोपण आलं, कुलसचिवांचा चेहरा आला. नोकरी आली. हे सगळं येऊन जाईपर्यंत दादा थांबला. त्याच्या छातीतली शिट्टी तेवढी चालू होती.

"हो," ती म्हणाली.

"ऐकू नाही आलं, बारके," दादा म्हणाला. "अजून."